कारखान्यातील सत्र आणि अभियांत्रिकीची पदवी

इंदूरच्या ईशान्येस देवास आणि पश्चिमेस धार. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासची तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन. १९४८ मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. आज या भागाची ओळख कारखान्यांवरून होते. देवासला गजरा गिअर्स आणि किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८६ पासून आयशरची मालवाहू वाहने तयार होऊ लागली. तेथेच वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटर लांबीचा वेगमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. मध्यभागी इंदूर असून, १९५२ मध्ये स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया संस्था तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण देते.

अंतर थोडे असले म्हणजे सहकार्य आपोआप घडते, असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात आणि विद्यार्थ्यांची एक दिवसाची सहल कारखान्यातून फिरून येते. यास प्रशिक्षण म्हणणे कठीण आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदवी व पदविकाधारक अभियंत्यांचा त्यात समावेश झाला. परंतु ही उमेदवारी पदवीनंतरची होय. पदवी घेत असतानाच कारखान्याचा अनुभव मिळावा, यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण श्रेयांक १६० पर्यंत खाली आणून आंतरवासितेस स्थान दिले. वेळ मिळाला, तो कसा वापरावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. गिअरचे दाते झिजू नयेत म्हणून तो भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत कार्बनयुक्त वायूत तापवून तेलात विझवितात. पृष्ठभाग कठीण होतो, पण गिअर किंचित वाकडा होतो आणि काही नग बाद करावे लागतात. भट्टीत नग उभे रचले की आडवे, तेलाचे तापमान किती होते, यावर हा वाकडेपणा अवलंबून असतो. पर्यवेक्षकास रोजच्या उत्पादनातून याचा शोध घेण्यास सवड नसते. सहा महिने तेथे राहणारा विद्यार्थी मात्र प्रत्येक खेपेची मोजमापे टिपू शकतो. प्राध्यापकाने त्याला धातुशास्त्र समजावून द्यावे, कारखान्यातील अभियंत्याने भट्टी दाखवावी आणि परीक्षेचे गुण दोघांनी मिळून द्यावेत. या अखेरच्या अटीस प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत अधिक महत्त्व आहे. गुण देण्याचा अधिकार नसलेला अभियंता विद्यार्थ्यास पाहुणा समजतो, तर भट्टी न पाहिलेला प्राध्यापक अहवालाची केवळ पाने मोजतो. यासाठी प्राध्यापकाने महिन्यातून दोनदा तरी कारखान्यात जावे आणि तो वेळ त्याच्या अध्यापनाच्या तासांत धरला जावा.

खर्चाची बाजूही आहे. धार जिल्ह्यातील कुक्षी किंवा मनावरकडील शेतकऱ्याच्या मुलास पीथमपूरला सहा महिने राहावयाचे, तर खोलीभाडे आणि जेवण यांची सोय आधी हवी. पदवीनंतरच्या उमेदवारास विद्यावेतन मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. शिकत असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती करारात स्वतंत्रपणे घालावी लागते. करार करताना प्राचार्यांनी हे कलम प्रथम वाचावे आणि ते नसल्यास सही करण्यापूर्वी घालून घ्यावे.