कार्ड आपलं, रीत त्यांची

परदेशात कार्ड चालतं का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. चालतं. पण ते कोणाच्या हातात द्यायचं, पिन कधी विचारतील, टिप कुठे लिहायची, एका कार्डावर दोघांना बसने जाता येईल का, हे देशागणिक बदलतं. ओटीपी आणि पिनची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते नसले की जीव घाबरा होतो. माझी नोकरी बँकेत झाली आणि निवृत्तीनंतर मुलांकडे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये जाणं-येणं सुरू झालं. त्यातून जे पक्कं झालं ते सांगते आहे, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींसाठी. आपलं बिल आपल्याला देता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१. निघण्याआधी कार्ड सुरू करून घ्या

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल, असंच. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं या गोष्टी आपण स्वतः सुरू करायच्या असतात. बँकेच्या ॲपमध्ये प्रत्येकाची वेगळी खूण असते आणि मर्यादाही ठरवता येते. हे घरी, शांतपणे करा. परतल्यावर परदेशी वापर बंद करायला विसरू नका, कारण बाहेरच्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताच रक्कम वळती होते. आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

२. अमेरिकेत कार्ड नजरेआड जातं

आपल्याकडे यंत्र टेबलापाशी येतं. अमेरिकेतल्या कित्येक रेस्टॉरंटांत अजूनही वेटर कार्ड घेऊन आत जातो. पिन नाही, ओटीपी नाही. परत येताना तो दोन पावत्या आणतो. त्यातल्या एकीवर टिपची रक्कम, खाली एकूण रक्कम लिहून सही करायची आणि ती टेबलावर सोडून निघायचं. दुसरी आपली. तुम्ही लिहिलेला आकडा ते नंतर यंत्रात भरतात. त्यामुळे फोनवर आधी नुसत्या बिलाचा संदेश येतो आणि स्टेटमेंटमध्ये मात्र टिपसह रक्कम दिसते. फसवणूक झाली असं समजून बँकेत धावत आलेले ग्राहक मी पाहिले आहेत. तशी शंका नको. फक्त आपली पावती जपून ठेवा आणि आकडा जुळवून पाहा. टिप रोख दिली असेल, तर टिपच्या ओळीवर रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा. ती जागा कोरी सोडू नका.

टिप द्यावी का, यावर आपल्या लोकांशी माझा वाद होतो. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे. १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं मालकाला पूर्ण किमान वेतन द्यायला लावतात, पण सगळी नाही. म्हणजे बसून जेवल्यावरची १८ ते २० टक्के टिप ही मेहरबानी नसून त्या माणसाच्या कमाईचा मोठा भाग आहे. ती द्यावी. मोठा गट असेल तर टिप बिलातच धरलेली असू शकते, ते आधी वाचा. कॉफीच्या काउंटरवर मात्र पडद्यावर टिपचे पर्याय आले, तरी ‘टिप नाही’ निवडायला संकोच नको. आणि मेन्यूवरची किंमत कर सोडून असते, हे ऑर्डर देतानाच लक्षात असू द्या.

३. युरोपात आधी बोला, मग टॅप करा

इथे यंत्र आपल्यापाशी येतं. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच असतात. आवडलं तर चार नाणी ठेवा. जर्मनीत टिप धरून एकूण किती घ्यायचे ते टॅप करण्याआधी तोंडी सांगायचं असतं, आणि काही छोट्या खानावळी अजूनही रोखच घेतात, म्हणून बसण्याआधी विचारावं. लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच असतं. ते दिसलं की यंत्रावर आणखी टिप द्यायची गरज नाही.

४. यंत्राने ‘रुपये?’ विचारलं तर नाही म्हणा

हा मुद्दा मला सगळ्यात कळकळीने सांगायचा आहे. भारतीय कार्ड दिसलं की यंत्र विचारतं, पैसे पौंडात घेऊ की रुपयांत? रुपये ओळखीचे वाटतात, म्हणून बोट तिकडे जातं. पण तिथला दर दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीने ठरवलेला असतो, त्यात तिचा नफा असतो आणि आपल्याकडच्या काही बँका अशा व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. नेहमी त्या देशाचं चलन निवडा. एटीएमवरही तेच.

आपल्या बँकेचा खर्चही समजून घ्या. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. हे शुल्क न घेणारी किंवा कमी घेणारी कार्डंही मिळतात. जाण्याआधी चौकशी करा.

५. लंडनच्या प्रवासात माणशी एक कार्ड

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. टॅप होणारं बँकेचं कार्ड हेच तिकीट. बसमध्ये चढतानाच टॅप करायचं, उतरताना नाही. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा करायचं. दिवसभरातल्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की पुढचे पैसे घेत नाहीत. पण हा हिशेब कार्डावर चालतो, म्हणून नवरा-बायकोला एका कार्डावर प्रवास करता येत नाही. जाताना कार्ड आणि येताना त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी ठरतात आणि भाडं जास्त कापलं जातं. सकाळी जे हातात घ्याल, तेच रात्रीपर्यंत वापरा.

६. हॉटेल, भाड्याची गाडी, पेट्रोलपंप: इथे क्रेडिट कार्डच

या तिन्ही ठिकाणी अनामत म्हणून काही रक्कम आधी अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते, इतकंच. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र आपले खरे पैसे काही दिवस अडकतात आणि ऐन प्रवासात हात आखडतो. अमेरिकेतले पंप तिथल्या पत्त्याचा पिनकोड मागतात. तो नसला की आत काउंटरवर जाऊन पंपाचा क्रमांक आणि किती डॉलरचं पेट्रोल हवं ते सांगायचं.

७. यूपीआयवर विसंबू नका

२०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही. अभिमान वाटतोच. पण पॅरिसच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ते चालेल असं धरून निघू नका.

८. बँकेचा क्रमांक कागदावर लिहा

फोनच हरवला तर फोनमधला क्रमांक कामाचा नाही. आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर घरी परतण्याची वाट पाहू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक आपली नसेल आणि संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. त्याच दिवशी कळवा.