बांधावरची शाळा

शाळा म्हटली कीं डोळ्यांपुढें फळा, बाकें आणि हातांत पुस्तक घेतलेले गुरुजी उभे राहतात. ज्या शाळेचा परिचय आम्ही आज आमच्या वाचकांस करून देत आहों, तिच्यांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं. शेताचा बांध ही तिची जागा, उभें पीक हें तिचें पुस्तक, आणि शेजारीं बसलेला सोबती हाच तिच्यांतील गुरु. तिला 'शेतीशाळा' म्हणतात.

ह्या शाळेचा जन्म इंडोनेशिया देशांतील जावा बेटांत १९८९ सालीं झाला, आणि तो एका संकटांतून झाला. तेथील लोकांचें मुख्य अन्न भात. १९७० नंतर अधिक उत्पन्न देणाऱ्या जातींबरोबर कीटकनाशक औषधेंही शेतोशेत पोंचलीं. सरकार द्रव्यसाह्य देई, त्यामुळें तीं स्वस्त पडत. परंतु औषध जितकें अधिक, तितका तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रवही अधिक, असें दिसूं लागलें. हा कीटक तांदळाच्या दाण्याहूनही लहान; पण थव्यांनीं बुंध्याशीं बसून रस शोषूं लागला कीं शेतांत जळाल्यासारखे वाटोळे डाग पडतात.

असें कां व्हावें? तुडतुड्याची मादी आपलीं अंडीं रोपाच्या आवरणांत खुपसून ठेविते. तेथें औषध पोंचत नाहीं. तुडतुडे खाऊन जगणारे कोळी व इतर कीटक मात्र फवाऱ्यानें मरतात. अंड्यांतून नवी पिढी बाहेर पडते, तेव्हां तिला खाणारा कोणी उरलेला नसतो. म्हणजे शेतकरी पदरचा पैसा खर्चून आपल्याच रखवालदारांस मारीत होता! १९८६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं भातावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. पण औषध हुकुमानें बंद झालें, तरी मित्र कोणता व शत्रु कोणता, हें ज्याचें त्यानेंच ओळखावयास हवें होतें. त्यासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साह्यानें ह्या शाळा निघाल्या.

त्यांची रीत अशी. गांवांतील सुमारें २५ शेतकरी हंगामभर आठवड्यांतून एक सकाळ एकत्र जमतात. पांच-पांचांचे गट होतात. प्रत्येक गट शेतांत उतरून ठराविक चुडांची पाहणी करितो: उंची किती, फुटवे किती, तुडतुडे किती, कोळी किती, पाणी किती. मग सावलींत बसून मोठ्या कागदावर रोपाचें चित्र काढावयाचें; एका बाजूस शत्रु, दुसऱ्या बाजूस मित्र, वर सूर्य किंवा ढग. तें पाहून आपसांत वाद होतो, आणि ह्या आठवड्यांत काय करावयाचें तें ठरवून गट सर्वांपुढें मांडतो. इतर गट उलट प्रश्न विचारतात. निर्णयाची कसोटी पाहण्यास जमिनीचे दोन तुकडे असतात: एकांत जुन्या वहिवाटीप्रमाणें पीक, दुसऱ्यांत गटाच्या विचाराप्रमाणें. शेवटीं दोहोंचा खर्च व उत्पन्न ताडून पाहतात.

मार्गदर्शक असतो, पण तो उत्तर देण्याची घाई करीत नाहीं. 'हा कोणता किडा?' असें कोणी विचारलें, तर तो म्हणतो, 'तुम्हांस तो कोठें सांपडला? तेथें काय करीत होता?' तरीही शंका उरली, तर कोळी व तुडतुडे एका बरणींत घालून तोंडास कापड बांधावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं मोजावयाचे. विसावें शतक संपेपर्यंत इंडोनेशियांत सुमारें १० लाख शेतकरी अशा वर्गांत बसले, व त्यांतील कित्येक पुढें स्वतःच इतरांस शिकवूं लागले.

ह्याच रीतीनें आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांसही आधार दिला आहे. शेतीचें ज्ञान बहुधा आईबापांकडून मुलांकडे कामाच्या ओघांतच जातें. आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत एड्सच्या रोगानें असंख्य आईबाप अकालीं गेले. मागें राहिलेल्या मुलांस बीं केव्हां टाकावें हें सांगणारेंही कोणी उरलें नाहीं. तेथें २००३-०४ च्या सुमारास १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठीं अशा शाळा निघाल्या. सुमारें ३० मुलें आठवड्यांतून दोन-तीन वेळां शेतांत जमत. रोपाची पाहणी झाली कीं बोलणें स्वतःच्या आयुष्याकडे वळे: रोपास कीड लागूं नये म्हणून आपण जपतों, तसें आपल्या देहास कसें जपावें? गाणीं व नाटुकलीं ह्यांतूनही हेंच शिक्षण चाले. ज्याचें बोलणें ऐकण्यास घरीं कोणी नव्हतें, असें पोरकें मूल येथें आपल्या सोबत्यांपुढें उभें राहून बोलूं लागलें. पीक तर आलेंच. पण हा लाभ त्याहून थोर होय, असें आम्हांस वाटतें.

एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी. जे शाळेंत बसले त्यांच्या ज्ञानांत भर पडली, परंतु त्यांच्या शेजाऱ्यांत तें ज्ञान आपोआप फारसें पसरलें नाहीं, असें इंडोनेशियांतील एका पाहणींत आढळलें. ह्यांत नवल नाहीं. पोहणें ऐकून येत नाहीं, तसेंच पीक ओळखणेंही ऐकून येत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही कृषि विभाग 'शेतीशाळा' ह्याच नांवानें वर्ग भरवितो. पण त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यांनो, येत्या पावसाळ्यांत चार-पांच सोबती मिळून एक वाफा निवडा. आठवड्यांतून एकदां दहा रोपें पाहा, मोजा, वहींत चित्र काढा आणि एकमेकांस प्रश्न विचारा. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें किंवा मुलीनें 'हें औषध आपण कां मारतों?' असें विचारलें, तर रागावूं नये. तिच्याबरोबर, त्याच्याबरोबर बांधावर चार पावलें जावें आणि दोघांनीं मिळून वांकून पाहावें. त्या क्षणीं शाळा सुरू झालीच म्हणून समजावें.