चुलीचा धूर आणि उन्हाची वीज

वायुप्रदूषण म्हटले की मोटारींची गर्दी आणि कारखान्यांची धुरांडी डोळ्यांपुढे उभी राहतात. हा प्रश्न शहरांचा, आमच्या तामलवाडीचा नव्हे, असे मलाही वाटे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. येथे ‘सूक्ष्म धूलिकण’ हा शब्द वाचला आणि मला आमची चूल आठवली.

गॅसची टाकी संपली की पैसे जमेपर्यंत तुराट्या आणि गोवऱ्या हेच आमचे इंधन. मी भाकरी थापते, आई जाळ सारते आणि खोकते. त्या धुरातील २.५ मायक्रोमीटरहून लहान कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसात खोलवर जातात. खोकला हा चुलीपुढचा नेहमीचाच, असे आम्ही धरून चाललो होतो!

शहराची हवाही आपल्यापासून दूर नाही. आमच्या रस्त्यावरचे सोलापूर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात समाविष्ट आहे. त्याच जिल्ह्यात फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. विजेचा दिवा धूर सोडत नाही हे खरे; परंतु वीज कोळशाची असेल तर तो धूर दुसऱ्या कोणाच्या तरी गावावर सुटतो. शिवाय कोळसा एकदा जळला की संपला.

मग उपाय कोणता? आमच्या दावणीला तीन जनावरे आहेत. एक जनावर रोज साधारण १० किलो शेण देते आणि १ घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्राला सुमारे २५ किलो पुरते. गोवरी जाळली तर धूर होतो आणि खतही जाते. संयंत्रात तेच शेण गॅस देते आणि खत शेताला उरते.

दुसरा उपाय उन्हाचा. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की वडील बॅटरी घेऊन दारे धरायला जातात. विंचूकाट्याचे भय असते. ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. सौर पंप दिवसाच चालतो. राज्य शासनाच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते.

सूर्य मावळला की हा पंप थांबतो आणि ढगाळ दिवशी त्याचा जोर कमी होतो, हा दोष खराच. रात्रीच्या दिव्यासाठी वीज साठवावी लागते आणि ती साठवण महाग पडते. पण पिकाला पाणी दिवसा दिले तर काय बिघडले? रात्री झोपणे हा शेतकऱ्याचाही हक्क आहे.

मित्रमैत्रिणींनो, अपारंपरिक ऊर्जा हा केवळ परीक्षेतील टिपेचा विषय नव्हे. आईचा श्वास आणि वडिलांची झोप, दोन्ही तिच्यावर अवलंबून आहेत. आपण शिकलो ते घरी जाऊन सांगितले, तर या शिक्षणाचे चीज होईल.