घरी केलेलं जेल, शाम्पू, तेल : टिकतं कशाने, बिघडतं कशाने



राखी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत आपल्या गटांकडे उटणं, साबण, केसांचं तेल यांची मागणी असते. आता त्यात कोरफडीचं जेल, रिठ्याचा शाम्पू, फेस पॅक यांची भर पडली आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून पुष्कळ जणी शिकल्या. पण बाटली भरल्यावर पंधरा दिवसांनी आत काय होतं, हे व्हिडिओवाली बहुतेक वेळा सांगत नाही. या महिन्याचं अभ्यास पान त्याच्यावर आहे.

आपल्याच भागातल्या एका गटाने प्रदर्शनासाठी ताज्या कोरफडीचा गर मिक्सरला लावला, त्यात गुलाबपाणी आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल घातल्या आणि डब्या भरल्या. पहिल्याच दिवशी माल संपला. तिसऱ्या आठवड्यात डब्या परत यायला लागल्या. काहींवर बुरशीचे ठिपके, काहींना आंबूस वास. दोन डब्या दिसायला अगदी स्वच्छ होत्या, पण त्यातली एक वापरणाऱ्या मुलीच्या गालावर पुटकुळ्या उठल्या होत्या. त्या जेलमुळेच उठल्या का, हे कोणी तपासलं नाही. पण ‘आमच्यामुळे नाही’ असं म्हणायला गटाकडेही काही आधार नव्हता. गटाने सगळ्यांचे पैसे परत केले.

त्यानंतरच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, “अगं पोरी, माझं लोणचं वर्षभर टिकतं, त्यात मी कुठलं औषध घालते? मग हे पंधरा दिवसांत का नासलं?”

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर लोणच्यातच आहे. लोणच्यात आपण भरपूर मीठ घालतो, फोडींचं पाणी सुटू देतो, वर तेलाचा थर ठेवतो, आणि घरात कोणी ओला चमचा घातला तर ओरडतो. पापड, सांडगे खडखडीत वाळवतो. मुरंब्यात साखर इतकी असते की जंतूंना वापरता येईल असं पाणी उरत नाही. म्हणजे टिकवण्याच्या आपल्या सगळ्या जुन्या युक्त्या पाण्याशी जोडलेल्या आहेत. जंतू आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच आहे, त्यात मीठ नाही, साखरेचा पाक नाही, वाळवण नाही. वर गिऱ्हाईक रोज त्यात बोट घालतं. तो रोजचा ओला चमचाच झाला.

आधी ठरवा : ओलं की कोरडं

वस्तू करायला घेण्याआधी गटात एकच प्रश्न विचारा. यात पाणी आहे का? पाणी म्हणजे नुसतं नळाचं नव्हे. गुलाबपाणी, काढा, ताजा गर, दूध, दही, मध-लिंबू, काकडीचा रस, हे सगळं पाण्यातच धरायचं.

पाणी नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. कोरडं उटणं, शिकेकाई-रिठा-आवळ्याची पूड, नुसतं तेल, मेण आणि तेलाचा ओठांचा बाम, ही आपल्या गटांसाठी सगळ्यात सोयीची कामं आहेत. माझं मत विचाराल तर नव्या गटाने पहिलं वर्ष एवढंच करावं. रिठ्याचा काढा बाटलीत भरून ‘शाम्पू’ म्हणून विकण्यापेक्षा पूड विकावी आणि पाकिटावर लिहावं, ‘लागेल तेवढीच भिजवा, भिजवलेली त्याच दिवशी वापरा’. काढा दोन-चार दिवसांत वास मारायला लागतो, पूड कोरडी राहिली तर महिनोन् महिने राहते. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मैत्रिणींनी पावसाळ्यात पूड दळूच नये, हवाच ओली असते.

तेलाच्या बाबतीत एक फसगत आहे. जास्वंद, माका, कढीपत्ता, ताजा आवळा तेलात उकळतो, तेव्हा पाल्यातलं पाणी तेलात येतं. ते पूर्ण उडालं नाही तर बाटलीच्या तळाशी थेंब राहतात आणि तिथे बुरशी धरते. पाला आधी सावलीत वाळवून घ्या. ताजाच वापरायचा असेल तर मंद आचेवर तडतड पूर्ण थांबेपर्यंत कढवा. वैद्य लोकांची जुनी परीक्षा आहे : गाळलेल्या तेलात कापसाची वात भिजवून पेटवायची. वात तडतडली तर तेलात अजून पाणी आहे. बाटल्याही धुऊन पूर्ण वाळलेल्या हव्यात. गडबडीत ओल्या बाटलीत तेल भरलं की आधीची सगळी मेहनत गेली.

हे घातलं म्हणून टिकतं, असं नाही

व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं. खवटपणा हवा आणि उजेडामुळे येतो, त्याचा जंतूंशी संबंध नाही. म्हणून केसांच्या तेलात व्हिटॅमिन ईचा उपयोग आहे, पण जेलमध्ये ते बुरशीला अडवत नाही. वर सांगितलेल्या गटाची चूक नेमकी इथे झाली.

हळद, कडुनिंब, तुळस, कापूर, तुरटी, सुगंधी तेलाचे थेंब यांचंही तसंच. यातल्या काहींमध्ये जंतूंना मारायची थोडी ताकद आहे हे खरं, पण आपण घालतो तेवढ्यात डबी महिनोन् महिने सुरक्षित राहत नाही. आणि राहील इतकं घातलं तर कातडी जळजळेल. लिंबाचा रस तर चेहऱ्याच्या वस्तूत घालूच नका. रस लावून उन्हात गेलं तर कातडीवर काळे डाग आणि फोडसुद्धा येतात. आपल्या बायका दिवसभर शेतात असतात, हे विसरून चालणार नाही.

फ्रिजमध्ये ठेवल्याने बिघडणं लांबतं, थांबत नाही. शिवाय गिऱ्हाईक घरी नेऊन ती डबी न्हाणीघरातच ठेवणार.

‘आमच्यात केमिकल नाही’ असं सांगितलं की माल पटकन खपतो, हे मलाही दिसतं. पण पाणी असलेल्या वस्तूत प्रिझर्व्हेटिव्ह नसणं हा गुण नाही, धोका आहे. स्युडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात सहज वाढतो. डोळ्यात गेला किंवा जखमेला लागला तर तो गंभीर त्रास देऊ शकतो. आणि जंतू वाढले तरी जेलचा रंग, वास बदलेलच असं नाही. त्या दोन स्वच्छ डब्या आठवा. डोळ्यांना चांगलं दिसतं म्हणजे चांगलं आहे, हा हिशोब इथे लागू होत नाही.

मग घालायचं काय

सरबत, स्क्वॅशचं प्रशिक्षण घेतलेल्या ताईंना सोडियम बेंझोएट माहीत आहे. जेल-शाम्पूमध्येही ते चालतं, पण एका अटीवर : वस्तू आंबट हवी. हा आंबटपणा पीएचवर मोजतात. पीएच ७ म्हणजे ना आंबट ना खारट, शुद्ध पाण्यासारखं. आकडा जितका खाली तितकी वस्तू आंबट. बेंझोएटचं काम ५ च्या खाली नीट होतं, वर गेलं की त्याचा जोर ओसरतो. म्हणून आंबट सरबतात ते चालतं आणि साबणासारख्या पाण्यात घातलं तर वाया जातं. आपल्या कातडीचा पीएचही ५ च्या आसपास असतो, त्यामुळे जेल त्याच्या जवळ ठेवणं कातडीलाही मानवतं.

पोटॅशियम सॉर्बेट त्याचंच भावंड. त्यालाही आंबटपणा लागतो आणि बुरशीवर ते चांगलं चालतं. जंतूंसाठी फिनॉक्सीइथेनॉल वापरतात. हे बाजारात इथिलहेक्सिलग्लिसरीनबरोबर मिसळून तयार मिळतं आणि एकूण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घालतात. एकटं एक प्रिझर्व्हेटिव्ह सगळ्याला पुरत नाही, म्हणून जोडी लावायची. घेताना सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्याकडूनच घ्या, नाव, बॅच आणि मुदत छापलेली बाटली घ्या, आणि किती टक्के घालायचं याचा कागद मागून फाईलला लावा. सुटं, नाव नसलेलं काही घेऊ नका. फॉर्मालिन तर कोणी कितीही सुचवलं तरी नाही.

१ किलो जेलचा हिशोब असा : डिस्टिल्ड पाणी ९४५ ग्रॅम, ग्लिसरीन ३० ग्रॅम, झँथन गम ८ ग्रॅम, कोरफडीची २०० पट तीव्र पूड ५ ग्रॅम, पोटॅशियम सॉर्बेट २ ग्रॅम, फिनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण १० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमच्या डबीमागे मिश्रण फक्त १ ग्रॅम. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, शेवटी पीएच बघून थेंब थेंब.

ताजा गर सोडून पूड का, असं विचाराल. पानाबरोबर माती आणि जंतू येतात, प्रत्येक पानाचा आंबटपणा वेगळा असतो, आणि कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो कातडीला खाज आणू शकतो. ताजा गर घरच्यांसाठी काढा, लावा, उरलेला टाकून द्या. विकायच्या डबीसाठी पूडच बरी.

करताना पाणी चांगलं गरम करून वीस मिनिटं झाकून ठेवा आणि थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. वाफेने कमी झालेलं भरून काढा, नाहीतर पुढचे सगळे टक्के चुकतात. सॉर्बेट आधी पाण्यात विरघळवा. झँथन गम थेट पाण्यात टाकला तर गाठी होतात, तो ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडा. पूड घाला. मिश्रण हाताला कोमट लागण्याइतकं, ४० अंशांच्या खाली आलं की फिनॉक्सीइथेनॉल घाला आणि चांगलं ढवळा. शेवटी पीएच पट्टी बुडवा. आकडा ५ च्या वर असेल तर लिंबूसत्त्वाचं पाणी थेंबाथेंबाने घालून ४.५ ते ५ च्या मध्ये आणा. प्रत्येक खेपेला ढवळून नवी पट्टी.

वजनाच्या बाबतीत मी हट्ट धरणार आहे. चमच्याने, टोपणाने, अंदाजाने चालणार नाही. स्वयंपाकात आपला अंदाज चुकत नाही, पण इथे कमी पडलं तर जेल नासू शकतं आणि जास्त पडलं तर कोणाच्या तरी कातडीला त्रास होऊ शकतो. सोनाराकडे असतो तसा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा गटाने घ्यावाच.

भांडी स्टीलची, उकळत्या पाण्यातून काढलेली. हात धुऊन हातमोजे, केसांना टोपी. त्या खोलीत त्या वेळी स्वयंपाक नको. भरायला उघड्या तोंडाच्या डबीपेक्षा पंपाची किंवा दाबायची बाटली घ्या, म्हणजे बोट आत जात नाही.

परवाना

आता थोडं कडू. घरासाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं, परवान्याचा नमुना सीओएस-८. साबणसुद्धा यात येतो. मसाल्या-पापडाचं फूड लायसन्स किंवा उद्यम नोंदणी इथे चालत नाही. पुष्कळ गटांचा समज आहे की चालते. परवान्यासाठी स्वतंत्र जागा आणि रसायन किंवा फार्मसी शिकलेला माणूस लागतो, ते एका गटाला जड आहे. म्हणून प्रभागसंघाने मिळून एक युनिट काढावं, किंवा परवाना असलेल्या उत्पादकाच्या जागेत लोन लायसन्सवर माल करून घ्यावा. हा विषय पुढच्या संघाच्या बैठकीत घ्या, ठराव करा.

लेबलवर घटकांची यादी, बॅच नंबर, मुदत, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. घातलेलं प्रिझर्व्हेटिव्हही यादीत लिहा, लपवू नका. ‘कोंडा बरा होतो’, ‘केस गळणं थांबतं’ असं लिहू नका. बरं करतं म्हटलं की ते औषध ठरतं आणि त्याचे नियम निराळे.

प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या विकायच्या नाहीत. एक सील करून कपाटात ठेवा. दुसरी उघडा, गटातल्या एकीने ती घरी रोज वापरावी, आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावी. ७, १५, ३०, ६० आणि ९० व्या दिवशी रंग, वास, पातळपणा आणि पीएच वहीत लिहा. विक्रीला काढण्याआधी एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जंतू तपासणीला पाठवा. अहवाल येईपर्यंत त्या बॅचचा एकही डबा बाहेर जाता कामा नये. वहीचा नमुना कागद मी पुढच्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे देणार आहे. ज्यांनी आधीच जेल विकलं आहे त्यांनी उरलेल्या डब्या त्या बैठकीला घेऊन या, पट्ट्या माझ्याकडे आहेत.