शोषखड्डा खणण्याआधी जमीन पाणी पिते का ते पाहा

सोयाबीन काढून झाले की बांधकामांची घाई सुरू होते. शेतघर, मजुरांच्या खोल्या, कृषी पर्यटनाच्या दोन खोल्या असे काही ना काही उभे राहते आणि गवंडी विचारतो, सेप्टिक टाकी कुठे घ्यायची? खरा प्रश्न टाकीचा नसून टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आहे. टाकीत मैला कुजतो, पाणी मात्र तसेच पुढे जाते, जंतूंसकट. ते जिरवायचे काम जमिनीचे. म्हणून तिची परीक्षा आधी घ्या, आणि ती याच दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या.

काळ्या भारी जमिनीत तर हे फारच महत्त्वाचे. मे महिन्यात तिला हातभर खोल भेगा पडलेल्या असतात. खड्ड्यात बादली ओतली की पाणी भेगांतून क्षणात नाहीसे होते आणि सगळ्यांना वाटते, जमीन उत्तम आहे. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात, शोषखड्डा तोंडापर्यंत भरतो आणि संडासाचे पाणी मागे येते. आत्ता मात्र माती ओलावलेली आहे, भूजलही वर आहे. आत्ताचा निकाल सहसा फसवत नाही.

जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथेच, त्याच खोलीवर तळ येईल असा, वीतभर रुंदीचा खड्डा घ्या. एकावर भागवू नका, दोन-तीन ठिकाणी घ्या. चिकण मातीत पहारीने खड्ड्याच्या कडा गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी अडवतात. त्या विळ्याच्या टोकाने खरवडा, सुटी माती काढा, तळाशी 5 सेंमी जाड वाळू किंवा बारीक खडी घाला. मग खडीच्या वर 30 सेंमी पाणी भरून रात्रभर मुरू द्या. ही रात्र टाळू नका. माती फुगायची ती याच वेळात फुगते.

सकाळी पाणी शिल्लक असेल तर पातळी खडीच्या वर 15 सेंमी ठेवा, काठीवर खूण करा आणि अर्ध्या तासाने पाणी किती उतरले ते मोजा. सगळे जिरून गेले असेल तर 15 सेंमी भरून दर अर्ध्या तासाने मोजा, पुन्हा भरा. असे चार तास करा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा.

अर्ध्या तासात अडीच सेंमी किंवा जास्त उतरले तर शोषखड्डा चालेल. सव्वा ते अडीच सेंमीच्या दरम्यान असेल तर खड्ड्याऐवजी खडी भरलेले उथळ, लांब पाझर चर घ्या. सव्वा सेंमीच्याही खाली असेल तर ती जमीन हे पाणी घेणार नाही. खड्डा मोठा केला तर तो फक्त उशिरा भरतो.

कोकणातल्या जांभ्याचे दुखणे उलटे. तिथे पाणी झरझर जाते आणि लोक खूश होतात. पण ते गाळले न जाता थेट विहिरीकडे निघालेले असते. पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर अंतर सगळीकडेच हवे. जांभ्यात आणि भेगाळ कातळात विहिरीचे अंतर त्याहून बरेच वाढवा, शिवाय जागा विहिरीच्या उताराकडची घ्या.

भूजल पाहण्यासाठी शेजारी एक खोल खड्डा घ्या. जमिनीखाली 1.8 मीटरच्या आत पाणी लागले तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. पाणी दिसत नसले तरी मातीत करडे-तांबूस गंजके डाग असतील तर तिथे पाणी साचून राहते असे समजा.

जमीन नापास झाली तर टाकीपुढे खालून वर पाणी चढणारी खडीची गाळण टाकी बांधा आणि तिच्यातले पाणी तळ पक्का केलेल्या, खडी भरलेल्या कर्दळीच्या वाफ्यात सोडा. तरीही त्या पाण्यात जंतू असतात. कोथिंबीर, मेथी, मुळा, कच्चे खाल्ले जाणारे काहीही त्यावर घेऊ नका.