गाळातलं विष माशाच्या अंड्याला कसं कळतं?

प्रश्न : आमच्याकडं उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून रानात टाकतात. पोयटा पडला की ऊस जोमानं येतो, हा अनुभव आहे. पण कृष्णेत मेलेल्या माशांचे फोटो पाहिल्यापासून मनात शंका आहे. गाळात विष आहे की नाही हे माशांच्या अंड्यांवरून ओळखतात, असं वाचनात आलं. पाणी तपासायचं सोडून अंडी कशाला? आणि अंड्याला जे बाधतं ते उसालाही बाधतं का?
— एक शेतकरी वाचक, कडेगाव (जि. सांगली)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. गाळ रानात टाकायच्या आधीच ती यावी, हे तर फार चांगलं.

पहिल्यांदा पाण्याचं बघू. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. मळीसारखा सेंद्रिय कचरा नदीत उतरला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासे गुदमरतात. पण ते पाणी थांबत नाही. चार दिवसांनी त्याच जागी बाटली भरली तर ती बऱ्यापैकी चांगली निघू शकते. शिवाय काही विषं पाण्यात फारशी राहतच नाहीत. शिसं, कॅडमियम, तांबं, जळक्या तेलाचे अंश, डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं ही सगळी चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या बारीक कणांना चिकटतात आणि पाणी जिथं संथ होतं तिथं तळाशी बसतात. बंधारा आणि तलाव या तर पाणी संथ करण्याच्याच जागा. म्हणून वरचं पाणी नितळ असलं, तरी खालच्या गाळात कित्येक वर्षांची साठवण असू शकते.

कडेगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पूर्वी तलावात यायचं ते आसपासच्या डोंगरांवरून आणि रानांतून वाहिलेलं पावसाचं पाणी. आता टेंभू उपसा सिंचन योजनेमुळं कराडच्या खालून उचललेलं कृष्णेचं पाणी शिवाजीनगर, हिंगणगावच्या तलावांपर्यंत येतं. या पाण्यानं तालुक्याचं दैन्य हटवलं, त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण त्यामुळं तलावाचं पाणलोट आता डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरापुरतं उरलेलं नाही. वरच्या अंगाला नदीत जे मिसळेल, त्यातला गाळाचा वाटा आवर्तनाबरोबर इथवर येऊ शकतो. तुमच्या तलावात विष आहे, असा याचा अर्थ नाही. तपासून बघायचं कारण मात्र आहे.

मग प्रयोगशाळेत गाळातली रसायनंच मोजली तर? जरूर मोजावीत. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, प्रयोगशाळा तुम्ही विचारलं तेवढंच सांगते. शिसं मोजायला दिलं तर शिशाचा आकडा येतो. शेजारी एखादं कीटकनाशक असेल, तर त्याबद्दल अहवालात अक्षरही नसतं. दोन, आकडा मोठा आला म्हणजे बाधा मोठी, असं नाही. धातू गाळाला इतका घट्ट बांधलेला असू शकतो की जिवाला तो लागतच नाही. उलट चार विषं थोडी थोडी असली, तर प्रत्येकाचा आकडा मर्यादेत राहतो आणि चौघं मिळून घात करतात. हा सगळा हिशेब एकदम मांडायचा, तर त्या गाळात एखादा जीव वाढवूनच पाहावा लागतो.

त्यासाठी जगभर जो मासा वापरतात तो आपल्याच देशाचा आहे. झेब्राफिश हा बोटाच्या दीड पेराएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत तो ओढ्यांत, भातखाचरांत सापडतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच माशावर अवयवांच्या वाढीचा अभ्यास चालतो. मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं आणि काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळं आतला जीव घडताना सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतो. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ही अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, तळाशी जाऊन बसतात. गाळाशी त्यांची गाठ निसर्गातच पडलेली असते.

चाचणी अशी करतात : उथळ कप्प्यांच्या तबकडीत साधारण 3 ग्रॅम गाळ आणि त्यावर 5 मिलिलिटर स्वच्छ पाणी घेतात. नुकतीच फळलेली अंडी त्या गाळावर ठेवतात. दुसऱ्या तबकडीत गाळाऐवजी धुतलेली स्वच्छ वाळू असते. तिच्यातली अंडी नीट वाढली, तरच पहिल्या तबकडीचा निकाल ग्राह्य धरायचा. तापमान 26 अंशांच्या आसपास राखतात आणि रोज चार गोष्टी बघतात. अंडं दुधासारखं पांढरं होऊन गोठलं का? पाठीच्या कडेनं स्नायूंचे खंड पडले का? शेपटी बलकापासून सुटी झाली का? आणि दुसऱ्या दिवसापासून, हृदय धडधडतं का? चार दिवसांत, म्हणजे 96 तासांत निकाल हाती येतो. या चार खुणांवर बेतलेली पाण्यासाठीची चाचणी आंतरराष्ट्रीय पातळीवर 2013 मध्ये प्रमाणित झाली. गाळावर थेट अंडी ठेवण्याची पद्धत त्याच्या दहा वर्षं आधी जर्मन शास्त्रज्ञांनी मांडली होती.

तिचा उपयोग कुठं झाला, हेही सांगतो. युरोपात डॅन्यूब नदीच्या वरच्या भागात पाण्याची प्रत सुधारत गेली, तरी मासळी घटतच राहिली. तेव्हा संशोधकांनी तळाचा गाळ उचलून झेब्राफिशची अंडी त्याच्या संपर्कात वाढवली. काही ठिकाणच्या गाळानं अंड्यांना स्पष्ट बाधा झाली. पाण्याच्या अहवालात न दिसलेला धोका तळाशी होता.

आपल्या कायद्यालाही माशांची साक्ष नवी नाही. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये सांडपाण्यासाठी एक अट आहे : पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मात्र ही अट सोडलेल्या पाण्याला लागू आहे, तळाशी साठलेल्या गाळाला नाही. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांचा गाळ रानांवर जातो आहे. तो गाळ आधी एखाद्या जिवाच्या कसोटीला लावावा, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अंडी मेली म्हणजे ऊस जळणार का? नाही, तसं थेट नातं नाही. मोरचुदाचं उदाहरण घ्या. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं तांबं पावसानं धुपून मातीबरोबर तलावात उतरतं. तांब्याची जी मात्रा माशाच्या भ्रूणाला मारते, ती पिकाला जाणवणारही नाही. उलट कॅडमियमसारखा धातू पिकाच्या वाढीवर काही न दाखवता दाण्यात, पाल्यात उतरू शकतो. कुजक्या अंड्याचा वास येणाऱ्या काळ्या गाळात निव्वळ प्राणवायू नसल्यानंही भ्रूण दगावतात. असा गाळ उन्हात पसरून वाळला की तो दोष जातो, पण गंधकाशी बांधलेले धातू त्याच वेळी मोकळे होऊ शकतात. तेव्हा अंड्यांचा निकाल हा शेवटचा निवाडा नाही. तो नाडी परीक्षेसारखा आहे. दोष आहे एवढं कळतं, कोणता ते पुढं शोधावं लागतं. या चाचणीलाही मर्यादा आहेत. चार दिवसांचा भ्रूण बलकावर जगतो, बाहेरचं काही खात नाही. त्यामुळं अन्नातून साठत जाणारा पारा किंवा वर्षानुवर्षांनी दिसणारी बाधा तिच्यात कळत नाही.

ही चाचणी घरी होणारी नाही. पण नमुना नीट घेणं गावाच्या हातात आहे. पाणी जिथून आत येतं ती जागा, तलावाचा मध्य आणि भिंतीलगतचा भाग, अशा तीन ठिकाणी वरचा काही बोटं जाडीचा थर घ्या. तिन्ही नमुने वेगळे ठेवा, एकत्र कालवू नका. स्वच्छ काचेच्या बरण्यांत ओलेच भरून गार जागी ठेवा आणि जागा व तारीख लिहा. मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश अशा 12 गोष्टी असतात. जस्त आणि तांबंही असतं, पण ते पिकाला कमी पडतंय का हे बघण्यासाठी. शिसं, कॅडमियम, कीटकनाशकांचे अंश वेगळे मागावे लागतात. ग्रामपंचायतीनं ठराव करून विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागाला पत्र दिलं, तर त्यांच्या विद्यार्थ्यांनाही हा उत्तम प्रकल्प मिळेल.

आणि हे सगळं जेसीबी तलावात उतरण्याआधी करा. तलावात आहे तोवर गाळ एका जागी असतो. एकदा शंभर रानांत पसरला की तो परत गोळा करता येत नाही. नमुन्याला लागणारे आठ-पंधरा दिवस उन्हाळ्यात सहज निघतात. निकाल चांगला आला, तर तोच पोयटा तुम्ही निश्चिंत मनानं रानात टाकाल.