मन लागत नसताना नामस्मरण का करावे?

प्रश्न : संकटांमुळे देवावरचा विश्वास डळमळला आहे. मन लागत नसताना नामस्मरण करणे ढोंग ठरत नाही का?

उत्तर : नाही. ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असते. तुमची धडपड देवासाठी आहे. संत तुकोबांचेच पाहा. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी देहूचे मोडकळीला आलेले देऊळ नीट करायला घेतले, एकादशीचे कीर्तन सुरू केले. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, असे ते स्वतःच अभंगात सांगतात. तरी संतांची वचने त्यांनी विश्वासाने पाठ केली. कृती आधी आली, अनुभव मागून. कृतीने दुःख टळेलच असे नाही, हा आक्षेप खरा आहे. पण फळाच्या अटीवर ठेवलेला विश्वास पहिल्याच आघाताला तुटतो. म्हणून रोज ठरल्या वेळी नाम घ्या, एखाद्या गरजूची सेवा करा आणि फळ विठ्ठलावर सोपवा. श्रद्धा अशीच मुरत जाते.